आडवं झालं की दुखतं

दोऱ्याला दवाखान्यात आणलं तेव्हा सकाळचे सव्वाअकरा वाजले होते, आणि त्याच्या बोटांना अजून खळ चिकटलेली होती. ऑक्सिजन मोजायचा चिमटा बोटावर बसेना, म्हणून सिस्टरने ओल्या बोळ्याने बोट पुसलं.

"काय लावलंय हे?"

"खळ. पुठ्ठे चिकटवायची," दादा म्हणाला. "आमचा बाइंडिंगचा कारखाना आहे."

दोघा भावांत बोलायचं खातं दादाकडे होतं. गिऱ्हाइकाला गोड बोलायचं दादाने, कागदवाल्याशी भांडायचं दादाने, आणि दोऱ्याने मान खाली घालून शिवत बसायचं: छापील कागदांच्या घड्यांचे फर्मे एकावर एक रचायचे, दाभणाने भोकं पाडायची आणि दोरा ओवत जायचं. अंगाने तो दोऱ्यासारखा, कामही दोऱ्याचं. खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं होतं. कोणी काही विचारलं की तो आधी दादाकडे बघायचा. होणाऱ्या बायकोने पहिल्या भेटीत "चहा घेणार का?" असं विचारलं, तेव्हाही त्याने दादाकडे बघितलं होतं, आणि दादा म्हणाला होता, "घेईल. साखर कमी घाला."

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. केसांच्या गाठीत तिने पेन खोचलेलं होतं.

"दुखायला कधी लागलं?"

दोऱ्याने दादाकडे बघितलं.

"तासाभरापूर्वी," दादा म्हणाला. "काम करता करता. एकदम."

"त्याआधी? काल, परवा?"

"नाही."

"ताप, सर्दी, खोकला?"

"छे, ठणठणीत होता."

सिस्टरने काखेतला थर्मामीटर काढून उजेडात धरला. ताप नव्हता. डॉक्टरीणबाईने तसं लिहून घेतलं.

प्रश्न तीन आणि उत्तरं तीन. तिन्ही खोटी.

माणसाला खोटं बोलायला फार मोठं कारण लागत नाही. पापी माणूस तर विचार करून बोलतो. भला माणूस मात्र घाबरून, पटकन बोलून जातो आणि मग त्या खोट्याच्या मागे धावत सुटतो. दादा भला माणूस होता. कारखान्यात एका शब्दकोशाच्या चारशे प्रती बांधायला आल्या होत्या. सोमवारी त्यांचं प्रकाशन होतं आणि आज शनिवार उजाडला तरी शंभरावर प्रती शिवायच्या राहिल्या होत्या. एवढा जाड ग्रंथ हाताने शिवणारा गावात एकच, तो म्हणजे दोऱ्या.

दोऱ्याची बायको बुधवारी बहिणीच्या बाळंतपणाला गेली. जाताना हातात पिशवी घेऊन ती कारखान्याच्या दारात थांबली होती. "दादा, यांची आठवडाभर सर्दी चालली होती. आता अंग तापल्यासारखं लागतंय. दोन दिवस झोपू द्या त्यांना. तुमच्या भरवशावर सोडून जातेय."

"तू निर्धास्त जा गं," दादा म्हणाला होता. "भाऊ आहे तो माझा, यंत्र नव्हे."

गुरुवारी दोऱ्याला ताप भरला. दुपारी तो कागदाच्या गठ्ठ्यांवर जरा आडवा झाला आणि लगेच उठून बसला. "दादा, आडवं झालं की छातीत सुई टोचल्यागत होतं. श्वास घेतला की आणखी. वाकून बसलं की बरं वाटतं."

"मग वाकूनच बस!" दादा म्हणाला. "बघा गं बायांनो, याच्या दुखण्यालासुद्धा कामाची काळजी!"

घड्या घालणाऱ्या दोघी बाया हसल्या. दोऱ्याही हसला, आणि वाकून शिवायला लागला. शुक्रवारी पुन्हा तेच. तो आडवा झाला, कण्हला, उठला. या वेळी दादाला हसू आलं नाही, त्याला प्रतींचा आकडा दिसत होता. "झोपायचं तर झोप, नाहीतर ऊठ. नाटकं करू नकोस," तो म्हणाला. आज सकाळी नऊ वाजता त्याने स्वतःच्या हाताने भावाला तापाच्या दोन गोळ्या दिल्या, वर गरम चहा दिला. ताप उतरला. सव्वादहाला दोऱ्याने दाभण खाली ठेवलं आणि छातीवर हात दाबून धरला. चेहरा घामाने भिजला. दादाने त्याला उचलून टेम्पोत घातलं. वाटेत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: तीन दिवस हा हार्ट अटॅक अंगावर काढत होता, आणि मी त्याच्याकडून शिवून घेत होतो.

हे तो कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगणार?

ईसीजीच्या यंत्रातून कागदाची पट्टी सरसरत बाहेर आली. डॉक्टरीणबाईने ती खिडकीशी नेऊन बघितली. मग टेबलावर पसरून बघितली. दादाला वाटलं, एवढी का बघतेय? वाईट असेल तर एका नजरेत दिसतं ना?

मधल्या वेळात दोऱ्याचं रक्त तपासायला नेलं होतं आणि त्याला कळ थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं. त्याचे डोळे जड झाले होते, पण भुवया आवळलेल्याच होत्या. सिस्टरने त्याला सपाट झोपवलं होतं आणि तो पुन्हा पुन्हा कोपर टेकून वर यायला बघत होता.

डॉक्टरीणबाई दादापाशी आली. "हार्ट अटॅकच दिसतोय. पट्टीवरच्या रेषा वर उचलल्या गेल्यात. रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती लवकर मोकळी व्हायला हवी. आपल्याकडे ती तारेने मोकळी करायची सोय नाही. मोठ्या हॉस्पिटलला पोचायला तीन तास. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथेच द्यावं लागेल."

"द्या ना मग! विचारता काय?"

"दुखायला लागल्यापासून पहिल्या काही तासांत दिलं तरच त्याचा उपयोग. बारा तास उलटले की फारसा नाही. तुम्ही म्हणता तासच झालाय, म्हणजे वेळेत आलात."

आता इथे माणूस कसा फसतो ते पाहा. पहिलं खोटं दादा लाजेपोटी बोलला होता. आता त्याला वाटलं, तेच खोटं भावाला तारणार. तीन दिवस झाले म्हणून सांगितलं तर ही बाई म्हणेल, उशीर झाला, घरी न्या. नको. एकच तास. पापाला एकदा पुण्याचा सदरा मिळाला की ते अंगावरून उतरत नाही.

"हो, एकच तास," तो म्हणाला. "फार तर सव्वा."

सिस्टरने कपाटातून औषधाची कुपी काढली. डॉक्टरीणबाईने फळीला लावलेला कागद दादापुढे धरला आणि भराभर विचारत गेली. डोक्याला मार? नाही. ऑपरेशन? नाही. पोटात व्रण, रक्ताची उलटी? नाही, नाही. ही उत्तरं खरी होती, म्हणून दादाच्या आवाजात जोर आला.

"या औषधाने रक्त गोठायचं थांबतं," ती म्हणाली. "शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होतो. ते सांगणं माझं काम आहे. इथे सही करा." आणि पेन देता देता ती थांबली. "एक शंका आहे माझ्या मनात. अटॅकमध्ये हृदयाच्या एका भागाच्या रेषा वर जातात. यांच्या जवळजवळ सगळ्याच वर आहेत. कधी कधी सर्दीतापानंतर हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज येते. पातळ पिशवी असते ती. पट्टी अशीच दिसते, दुखतंही छातीतच. भले भले फसतात. पण त्यात गुठळी नसतेच. तिथे हे औषध दिलं आणि त्या पिशवीत रक्त भरलं, तर हृदय चारी बाजूंनी आवळलं जातं. मग माझ्या हातात काही राहत नाही." तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "म्हणून शेवटचं विचारते. गेल्या आठ-दहा दिवसांत ताप? सर्दी?"

दादाच्या खिशात फोन थरथरला. त्याने काढून बघितलं. दोऱ्याची बायको. कारखान्यातल्या बाईने तिला कळवलं होतं आणि ती मिळेल त्या बसने निघाली होती. दादाने फोन कापला.

"नाही," तो म्हणाला.

शब्द तोंडातून गेला. या वेळी मात्र काय होऊ शकतं ते त्याला समजलं होतं. मगाचं 'नाही' अंधारातलं होतं, हे उजेडातलं. त्याने मनात हात जोडले. देवा, हे इंजेक्शन त्याला मानवू दे. तो बरा झाला की सगळं सांगतो, तुझ्या पायावर डोकं ठेवून सांगतो.

अशी अट देवाला घालायची असते का? आधी तू वाचव, मग मी खरं बोलतो! देव ऐकतो सगळ्यांचं, पण तो काही आपला हमाल नव्हे, की आपण टाकलेलं ओझं आपल्या सोयीने उचलेल.

कुपीत पाणी सोडून सिस्टर ती हलकेच फिरवत होती. पांढरी भुकटी विरघळली. औषध सिरिंजमध्ये चढायला लागलं.

दादाने पेन कागदावर टेकवलं. पहिलं अक्षर काढलं.

तेवढ्यात खाटेची सळई खणखणली. दोऱ्या उठून बसला होता. हाताच्या नळ्या ताणल्या गेल्या होत्या. त्याने गुडघे पोटाशी घेतले, पुढे वाकला आणि कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. त्याच्या तोंडून सुस्कारा निघाला.

"अहो, झोपा, झोपा!" सिस्टर ओरडली. "ताई, हे बघा ना, सारखे उठतायत."

आणि दादाच्या तोंडून, सवयीने, निघून गेलं, "आडवा हो रे! नाटकं करू नकोस."

स्वतःचाच आवाज त्याच्या कानावर पडला. कालचाच आवाज, कालचेच शब्द. फक्त काल समोर कागदाचे गठ्ठे होते. दोऱ्याने गुडघ्यांवरून मान किंचित वळवली आणि भावाकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर दादाने सही केली असती. रागाला उत्तर देता येतं. दोऱ्या मात्र आज्ञा ऐकल्यासारखा हळूहळू मागे आडवा व्हायला लागला. पाठ गादीला टेकली तसे त्याचे ओठ पांढरे पडले.

"थांबवा," दादा म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. आवाज फुटलाच नव्हता.

"थांबवा ते! ताई, ताप होता!" आता तो ओरडत होता. "तीन दिवस होता. त्याच्या आधी आठवडाभर सर्दी. आज नऊ वाजता मीच गोळ्या दिल्या, दोन, म्हणून तुम्हाला दिसला नाही. आणि तासाभराचं नाही हे दुखणं. परवापासून दुखतंय. आडवं झालं की दुखतं म्हणाला, श्वास घेतला की दुखतं म्हणाला, वाकून बसलं की थांबतं म्हणाला. मी त्याला वाकूनच बसवला. शब्दकोश शिवायला लावला. मी—"

सिस्टरचा हात जागीच थांबला होता. सुई नळीपासून वीतभर अंतरावर होती.

डॉक्टरीणबाईने ती सिरिंज तिच्या हातातून काढून घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली. मग वळली. "शब्दकोश बांधता ना तुम्ही? त्यात 'ताप' हा शब्द नव्हता?"

दादा मान खाली घालून उभा राहिला. उभ्या आयुष्यात त्याला असं कुणी बोललं नव्हतं, आणि आजच्याइतकं ते कधी बरोबरही नव्हतं.

"आणि तुम्ही?" ती दोऱ्याकडे वळली. "तुम्हाला तोंड नाही? मी विचारत होते तेव्हा?"

दोऱ्या जड जिभेने म्हणाला, "दादा... सांगत होता."

"आता दादा नाही सांगणार. तुम्ही सांगा. बसा. पुढे वाका. कमी झालं?"

"झालं."

"डाव्या खांद्यात जातं का दुखणं?"

"इथे. मानेखाली."

"श्वास सोडा पूर्ण. आता धरून ठेवा." तिने स्टेथोस्कोप त्याच्या छातीच्या डाव्या अंगाला दाबून धरला आणि डोळे मिटले. सिस्टरने दाराबाहेरच्या माणसांना हातानेच गप्प केलं. पंखा फिरत होता, तोही तिने बंद केला.

दादा डॉक्टरीणबाईच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिला. एवढ्या एका कानावर आता सगळं होतं.

तिने डोळे उघडले. "घासल्यासारखं ऐकू येतंय. नवं चामडं वाकवल्यावर करकरतं ना, तसं. मगाशी आडवे असताना नव्हतं." आवाजातला राग गेला होता, पण सुटकाही नव्हती. "सिस्टर, सोनोग्राफीचं मशीन आणा. हृदय बघू."

मशीन आलं. काळ्या पडद्यावर राखाडी काहीतरी उघडझाप करत होतं. ती बोट ठेवून स्वतःशीच मोजल्यासारखं करत होती. मग तिने मोठ्या हॉस्पिटलातल्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला, पट्टीचा फोटो पाठवला आणि बराच वेळ नुसतं "हो सर, नाही सर" करत राहिली. फोन ठेवून ती दादापाशी आली.

"हृदयाच्या सगळ्या भिंती व्यवस्थित हलतायत. आवरणात थोडं पाणी आहे. सर म्हणतात, इंजेक्शन देऊ नका. सुजेवरचं औषध सुरू करा, दोन तासांनी पट्टी आणि रक्त पुन्हा तपासा." ती जरा थांबली. "पण नीट ऐका. मगाशी तुमच्या खोट्यावर औषध भरलं होतं. आता तुमच्या खऱ्यावर ते थांबवतेय. हे खरं आहे ना? कारण ही सूज नसून अटॅकच असेल, तर हे दोन तास त्याच्या हृदयाचे जातायत."

"आई-बापाची शपथ."

"शपथ नको. खरं आहे का, एवढं सांगा."

"खरं आहे," दादा म्हणाला.

खरं बोलल्यावर माणूस हलका होतो असं म्हणतात. दादा झाला नाही. खोट्याला निदान औषधाची साथ होती, सिरिंज भरलेली होती. खऱ्यापाशी काहीच नव्हतं, नुसती वाट बघायची. भिंतीवरचं घड्याळ बारा वाजून वीस मिनिटं दाखवत होतं.

दोऱ्याला सपाट झोपवत नव्हतं आणि कळ थांबवायच्या औषधाने बसवतही नव्हतं. तो पुढे कलंडायला लागला. सिस्टर उशा रचायला लागली तर दादाने स्टूल ओढलं आणि खाटेला चिकटून, भावाकडे तोंड करून बसला. "टेक डोकं," म्हणाला. दोऱ्याने कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं, आणि दादाने त्याला दोन्ही हातांनी धरलं.

"दादा," थोड्या वेळाने खांद्यातून आवाज आला, "म्हणजे आतलं पुस्तक बरं आहे, बाइंडिंग बिघडलंय?"

"गप बस रे."

"मग सोपं आहे. उसवायचं आणि..."

"गप बस म्हणतो ना!" दादाचा आवाज चिरकला. दोऱ्याचं हसणं त्याच्या खांद्याला जाणवलं, आणि मग ते दुखून थांबलेलंही जाणवलं.

पाऊण वाजला. एक वाजला. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन रक्तदाब बघायची, आणि ती आकडा लिहीपर्यंत दादा श्वास धरून बसायचा. एकदा तिने पट्टा दोनदा फुगवला. दादाने विचारलं, "कमी झाला का?" ती म्हणाली, "नाही हो, पट्टा नीट बसला नव्हता." त्या दोन फुगवण्यांच्या मध्ये दादाने देवाला हाक मारली, पण या खेपेला अट घातली नाही. नुसती हाक मारली.

दोन वाजून वीस मिनिटांनी पुन्हा पट्टी काढली, रक्त नेलं. पावणेतीनला डॉक्टरीणबाई आली. दोन्ही पट्ट्या तिने शेजारी शेजारी धरल्या होत्या.

"रेषा तशाच आहेत, वाढल्या नाहीत. रक्तातला आकडा किंचित वर आहे, म्हणजे आतल्या स्नायूलाही थोडी झळ लागलीय. पण तो चढत नाहीये, जागच्या जागी आहे. पाणीही वाढलेलं नाही." तिने केसांतलं पेन काढलं आणि कागदावर काहीतरी खोडून नवं लिहिलं. "अटॅक नाही. दोन दिवस इथेच ठेवू, लक्ष ठेवावं लागेल. नंतर तीन महिने जड काही उचलायचं नाही, धावायचं नाही."

दादाला उत्तर द्यायचं होतं. पण खांद्यावरचा श्वास संथ झाला होता, दोऱ्याला गेल्या तीन दिवसांत पहिल्यांदा झोप लागली होती. दादा हललाच नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. डॉक्टरीणबाई बघून न बघितल्यासारखं करून निघून गेली.

तीनला दोऱ्याची बायको आली. बसमधून उतरून ती पळत आली असावी, एका चपलेचा बंद तुटला होता. दारात थांबून तिने आधी नवऱ्याची पाठ वर-खाली होतेय का ते बघितलं. मग दादाकडे बघितलं.

"अटॅक नाही," दादा कुजबुजला. "हृदयाच्या आवरणाला सूज आहे. धोका टळलाय म्हणाल्या."

ती भिंतीला टेकली. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "फोन का कापलात?"

दादाने ओठ ओले केले. सांगायला सोपं असं बरंच काही होतं: डॉक्टर बोलत होत्या, गडबड होती, हात मोकळा नव्हता.

"तू काय विचारणार ते ठाऊक होतं म्हणून," तो म्हणाला. "तो परवापासून तापात होता. मी झोपू दिला नाही. दुखतंय म्हणत होता, मी हसलो. इथेही खोटं बोललो. सही करायलाच घेतली होती. ते इंजेक्शन गेलं असतं तर..." त्याने वाक्य सोडून दिलं. "तू भरवशावर सोडून गेली होतीस. मी त्या लायकीचा निघालो नाही."

ती खाटेच्या कडेला बसली. दोऱ्याच्या पाठीवर तिने तळवा ठेवला, अगदी हलका. आणि मग तिने सुरुवात केली. दोऱ्या जागा होऊ नये म्हणून आवाज घशातच ठेवून, एकेक शब्द दातांखालून काढत, ती दादाला बोलत राहिली. आजचं बोलली, परवाचं बोलली, बारा वर्षांचं साठलेलं बोलली. मान हलवली तर दोऱ्याची झोप मोडेल, म्हणून दादा ताठ बसून तिच्या प्रत्येक वाक्याला नुसतं हळू आवाजात "हो" म्हणत राहिला.